कर्दळ भिंतीच्या कोणत्या बाजूस लावावी?

बागेसाठी झाड निवडताना आपण आधी फुलाचा रंग पाहतो. मीही तेच केले. आमच्या आवारात पूर्व-पश्चिम अशी दोन मीटर उंचीची भिंत आहे. एका जूनमध्ये लाल कर्दळीच्या एकाच बेटाचे तुकडे करून ते मी भिंतीलगत दोन्ही बाजूंस लावले. पावसाळ्यात दोन्हीकडे फुले आली. डिसेंबरात मात्र दक्षिणेकडची बेटे फुललेली, तर उत्तरेकडे नुसती लांबट पाने! माती, खत, पाणी सारखेच; मग फरक कशाचा?

फरक सूर्याच्या स्थानाचा. पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर. २१ जूनच्या सुमारास सूर्य २३.५ अंश उत्तरेस असतो. म्हणजे भर दुपारी तो आपल्या डोक्यावरून ५ अंश उत्तरेकडे झुकलेला दिसतो आणि भिंतीच्या उत्तर बाजूस ऊन मिळते. २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेस जातो. तेव्हा दुपारीही त्याची उंची क्षितिजापासून ४८ अंशच भरते. अशा वेळी दोन मीटर भिंतीची सावली उत्तरेस सुमारे १.८ मीटर पडते. सकाळ-संध्याकाळ ती याहूनही लांब जाते. त्या पट्ट्यात दिवसभर थेट ऊन पोचत नाही.

कर्दळीला भरपूर ऊन लागते. तिच्या फुलातील ज्या रंगीत भागांना आपण पाकळ्या समजतो, ते वस्तुतः रूपांतरित वंध्य पुंकेसर होत. हा सारा थाट उभारण्यासाठी लागणारे अन्न पाने प्रकाशातच तयार करतात. तेव्हा कर्दळ दक्षिणेस लावावी.

उत्तरेस काय लावावे? सोनटक्का. कर्दळीप्रमाणेच तोही केळ, हळद व आले यांच्या गणातला असून जमिनीखालील आडव्या खोडापासून बेट करून वाढतो. त्याला ओलावा व थोडी सावली मानवते. मुख्य म्हणजे तो पावसाळ्यात फुलतो. भिंतीची सावली लांबेपर्यंत त्याचा बहर बहुतेक आटोपलेला असतो. वर्षभर पानांचीच शोभा हवी असेल, तर पांढऱ्या पट्ट्यांचा स्पायडर प्लांट सावलीतही चांगला राहतो.

करून पाहा : डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात एक मीटर लांबीची काठी सपाट जमिनीवर उभी रोवा. दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजा. पुण्यात ती सुमारे ९० सेंटिमीटर भरेल. या लांबीला शाळेच्या भिंतीच्या मीटरमधील उंचीने गुणा. येईल तेवढा उत्तरेकडचा पट्टा, भिंत पूर्व-पश्चिम असल्यास, त्या दिवसांत उन्हाला मुकलेला असतो. तो खडूने आखून घ्या. कोणते झाड कोठे लावायचे, हे मग तुम्हीच ठरवू शकाल!