लोकमान्यांचीं १९१६ सालचीं स्वराज्यावरील भाषणें

वक्तृत्व म्हणजे मोठा आवाज आणि अलंकारांची आतषबाजी, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज असतो. पाठ केलेलीं वाक्यें हातवारे करून म्हणणारा स्पर्धेंतला विद्यार्थी पाहिला म्हणजे तो समज अधिकच दृढ होतो. परंतु ज्या भाषणांनीं लोकांचीं मनें खरोखर वळविलीं, तीं उघडून पाहिलीं तर त्यांत भपका थोडा आणि बांधणी फार, असें आढळून येतें. या दृष्टीनें लोकमान्य टिळकांनीं पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, इ. स. १९१६ मध्यें, बेळगाव व अहमदनगर येथें मराठींत केलेलीं तीन भाषणें विद्यार्थ्यांनीं अवश्य अभ्यासावीं अशीं आहेत.

प्रथम प्रसंग ध्यानांत घेतला पाहिजे. ‘केसरी’तील लेखांबद्दल १९०८ सालीं झालेली शिक्षा मंडालेस भोगून टिळक जून १९१४ मध्यें परत आले. दोनच महिन्यांत युरोपांत युद्ध पेटलें. हिंदी सैनिक फ्रान्सच्या व इराकच्या रणभूमीवर लढूं लागले आणि इकडे १९१५ सालीं भारत संरक्षण कायदा होऊन सरकारच्या हातीं मोठें शस्त्र आलें. अशा वेळीं, २८ एप्रिल १९१६ रोजीं, बेळगावास होमरूल लीगची स्थापना झाली. तिचे अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा हे मुंबईचे ख्रिस्ती बॅरिस्टर होते. आपल्या वऱ्हाडाचाहि तिच्या कार्यक्षेत्रांत समावेश होता; म्हणजे त्या काळीं अकोला जिल्ह्यांत असलेलें व आज वाशीम जिल्ह्यांत मोडणारें आपलें रिसोडहि त्यांत आलेंच. लीग स्थापन झाल्यावर तीनच दिवसांनीं, १ मे रोजीं, टिळकांनीं बेळगावास भाषण केलें. पुढें ३१ मे व १ जून रोजीं अहमदनगरास, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरास, दोन भाषणें केलीं.

या सभांत टिळकांपुढें तीन प्रकारचे श्रोते होते असें म्हणतां येईल. शेतकरी व दुकानदार यांना ‘स्वराज्य’ हा शब्द मोठा, पण अंधुक वाटे. शिकलेल्या मंडळींना तो समजे, पण त्याची भीति वाटे. आणि तिसरा श्रोता म्हणजे प्रत्येक शब्द टिपून घेणारा पोलिसांचा लघुलेखक! पहिल्यास समजेल, दुसऱ्याची भीति जाईल आणि तिसऱ्याच्या वहींत राजद्रोह सांपडणार नाहीं, असें बोलावयाचें होतें. या अडचणींतच भाषणाच्या बांधणीचें रहस्य आहे.

टिळक प्रथम व्याख्या करतात. स्वराज्य म्हणजे काय, याचें उत्तर ते ग्रंथांतून देत नाहींत. आपल्या घरचा कारभार आपण पाहणें, येथून ते सुरुवात करतात. ज्याला घर आहे त्याला तें समजतें. व्याख्या एकदां श्रोत्यानें मान्य केली, कीं पुढचा अर्धा वाद जिंकलाच म्हणून समजावें. वकिलीचा अभ्यास केलेल्या टिळकांना हें पक्कें ठाऊक होतें.

त्यानंतर येतो तो या भाषणांचा गाभा. ‘सरकार’ या शब्दाचे ते दोन अर्थ करतात. एक सूक्ष्म सरकार, डोळ्यांना न दिसणारें. दुसरें दृश्य सरकार, म्हणजे रोजचा कारभार हांकणारे अधिकारी. पहिलें वेदान्तांतल्या ब्रह्मासारखें निर्गुण व निराकार. दुसरें मायेनें रूप धारण केलेलें, म्हणून बदलणारें. बादशहा राहो, इंग्लंडशीं संबंध राहो. बदल मागावयाचा तो दृश्य कारभारांत. आणि वेदान्त ज्यांच्या डोक्यावरून गेला असेल त्यांच्यासाठीं लगेच देवळांतला दृष्टांत: देव तोच राहूं द्या, पुजारी बदला.

येथें जरा थांबून पाहावें. कीर्तन-प्रवचनांत वाढलेल्या मराठी माणसाला माया व ब्रह्म हे शब्द शिकवावे लागत नाहींत. देवळांतल्या पुजाऱ्याविषयींची कुरकूर तर गांवोगांवीं ऐकूं येते. पण पुजाऱ्यावर रुसला म्हणून कोणी देवावरची श्रद्धा सोडीत नाहीं. श्रोत्याच्या मनांत आधींच असलेला हा भेद उचलून वक्ता राज्यकारभारावर ठेवतो. त्यामुळें नवें राजकारण जुन्या ओळखीचें वाटूं लागतें. भित्र्या सुशिक्षितालाहि आपण राजनिष्ठ राहूनच हें मागत आहों असा धीर येतो. एकाच दृष्टांतानें तिन्ही श्रोत्यांची सोय लावणें, हें प्रस्तुत लेखकाच्या मतें या भाषणांतील सर्वांत मोठें कौशल्य होय.

तथापि दृष्टांत म्हणजे पुरावा नव्हे, हेंहि विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. पुजारी नेमतो कोण, आणि त्यानें अन्याय केला तर देवाच्या मालकांची जबाबदारी किती, हा प्रश्न या दृष्टांतांत झांकला जातो. टिळकांना तो दिसत नव्हता असें नाहीं. त्या घडीस तो झांकणेंच त्यांना सोयीचें होतें.

अहमदनगरच्या भाषणांत ‘परका’ या शब्दाची अशीच उलटापालट आहे. परकेपणा धर्मावरून किंवा कातडीच्या रंगावरून ठरत नाहीं, तर हितसंबंधावरून ठरतो. या देशाच्या लोकांचें हित जो पाहील तो मुसलमान असो वा इंग्रज असो, परका नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. नगरसारख्या, निजामशाहीची राजधानी राहिलेल्या शहरांत हें बोलणें विशेष अर्थपूर्ण होतें. शिवाय द्वेष पसरविल्याचा आरोप येण्यापूर्वींच त्याला येथें उत्तर मिळून जातें. तुम्ही स्वराज्यास लायक नाहीं, या नेहमींच्या आक्षेपाचाहि समाचार ते घेतात. आक्षेप स्वतःच मांडावयाचा आणि श्रोत्यांदेखत तो खोडावयाचा, ही त्यांची नेहमींची रीत.

युद्धाचा उपयोगहि ते मोठ्या खुबीनें करतात. युद्ध चालू आहे म्हणून मागणी थांबवा, असें सावध लोक म्हणत. टिळकांचें म्हणणें उलट होतें: युद्धानंतर साम्राज्याच्या कारभाराची फेरमांडणी होणार, तेव्हां आपलें म्हणणें आतांच स्पष्ट सांगितलें पाहिजे. इंग्लंडचे मुत्सद्दी लहान राष्ट्रांच्या स्वातंत्र्यासाठीं आपण लढत आहों असें जगाला सांगत होतेच.

भाषा मात्र सर्वत्र साधी. वाक्यें आंखूड, मध्येंच प्रश्न, प्रश्नापाठोपाठ उत्तर. पुढें १९४० सालीं चर्चिल यांनीं ब्रिटिश पार्लमेंटांत केलेल्या भाषणांत एकच वाक्यरचना पुनःपुन्हां येऊन घणाचे घाव बसल्याचा भास होतो. गांधीजींनीं ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर लांबलचक भाषणानंतर लोकांच्या हातीं तीन शब्दांचा मंत्र ठेवला. टिळकांच्या या भाषणांत घणहि नाहीं, मंत्रहि नाहीं; शेजारी ओट्यावर बसून हिशेब समजावून सांगत असल्यासारखा तो प्रकार आहे.

सरकारनें याचें बळ ओळखलें. २३ जुलै १९१६ रोजीं पुण्यास टिळकांचा साठावा वाढदिवस साजरा होऊन त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण होत होती. त्याच दिवशीं त्यांच्यावर नोटीस बजावण्यांत आली. या तीन भाषणांबद्दल एक वर्ष चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यांत आले. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनें तसा हुकूमहि दिला. प्रकरण मुंबई हायकोर्टांत गेलें. तेथें टिळकांच्या बाजूनें बॅरिस्टर महमद अली जीना उभे राहिले आणि टीका कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांवर आहे, राज्यसत्तेवर नाहीं, असें त्यांनीं मांडलें. पाहा, देव आणि पुजारी हायकोर्टापर्यंत आले! न्यायमूर्ति बॅचलर व न्यायमूर्ति शाह यांनीं ९ नोव्हेंबर १९१६ रोजीं खालचा हुकूम रद्द केला. सुटीं वाक्यें काढून त्यांवर जोर देऊं नये, भाषण समग्र व न्यायबुद्धीनें वाचावें, ही दृष्टि त्या निकालांत मुख्य होती.

हाच नियम आपल्या अभ्यासासहि लावतां येईल. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हीं भाषणें मिळवून मोठ्यानें वाचावीं. प्रथम जेथें जेथें व्याख्या आहे तेथें खूण करावी, मग जेथें दृष्टांत आहे तेथें. नंतर दृष्टांत झांकून तोच परिच्छेद पुन्हां वाचावा. कोणता युक्तिवाद दृष्टांतावांचून उभा राहतो आणि कोणता त्याच्याच खांद्यावर बसून आला होता, हें वहींत आपल्या शब्दांत लिहून काढावें. घरीं वडीलधाऱ्यांपुढें तें वाचून दाखविल्यास त्यांच्याकडून एखादा नवा आक्षेप निघेल. त्याचें उत्तर भाषणांत सांपडतें कीं नाहीं तेंहि शोधावें.