अभंगाचे यमक

दिंडीत चालता चालता पुष्कळांना दोन चरण सुचतात. ते लिहून ठेवावेत, त्यात संकोच कसला? पण यमक जुळेना की माणूस खटपटीला लागतो, आणि त्या खटपटीत मूळ सांगावयाचे तेच हरवून बसतो. म्हणून यमकाचा थोडा विचार येथे करू.

मोठ्या अभंगाचे माप आपल्या कानात बसलेलेच आहे. चार चरण; पहिल्या तिन्हींत सहा सहा अक्षरे, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे. पहिला आणि चौथा मोकळा. (ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिले तिन्ही चरण जुळतात.) अक्षर ऱ्हस्व असो की दीर्घ, ते एकच धरावे, जोडाक्षरही एकच. 'एका जनार्दनी' बोटांवर मोजून पाहा, बरोबर सहा भरतात. 'तुका म्हणे' चार, पुढे आणखी दोन अक्षरांना जागा. संतांची नाममुद्रा पुष्कळदा पहिल्या चरणात का येते, ते यावरून उमगते. तेथे नावाला यमकाच्या दावणीला बांधावे लागत नाही.

शेवटचे अक्षर एक असावे आणि त्यामागचा स्वरही एक असावा, म्हणजे यमक गोड लागते. 'टाळ' आणि 'माळ' पाहा. 'देव' आणि 'भाव' चालून जाते, पण सैल. 'ल'ला 'ळ' जुळविलेला आमच्या कानाला तरी खटकतो.

आता शब्द आणावा कोठून? शब्दकोशाचा उपयोग नाही. तो पहिल्या अक्षराने लावलेला असतो, आपल्याला हवे शेवटचे. त्यापेक्षा लहानपणची मुळाक्षरे धरावीत. शेवटी 'आय' हवा तर 'क'पासून म्हणत जावे: काय, खाय, गाय, जाय, ठाय, धाय, पाय, माय, राय, साय. वही न उघडता दहा शब्द झाले! मात्र दहांतला कोणता घ्यावा, हे मुळाक्षरे सांगत नाहीत.

एका वारीत एक तरुण आमच्याजवळ वही घेऊन आला. आजारी आईला घरी ठेवून निघाला होता. लिहिले होते ते असे:

निघाली ही दिंडी । घरी राहे माय ।
गोठ्यामध्ये गाय । हंबरते ॥

मापात काही चूक नव्हती. आम्ही विचारले, "माउली, घरी गाय आहे का?"

"नाही महाराज. 'माय'ला जुळली म्हणून आणली."

"मग तू निघालास तेव्हा माय काय करीत होती?"

तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "उठून आली होती. उंबऱ्यापर्यंत. पुढे पाऊल उचलेना तिचे."

आम्ही त्याला मुळाक्षरे म्हणावयास लावली. 'प'वर तो आपणच थांबला. चौथ्या चरणात 'दारापाशी' लिहावे की 'उंबऱ्याशी', हा त्याचा पुढचा प्रश्न. दोन्ही चारच अक्षरांचे, आणि तेथे यमकाचा अडसर नाही. आम्ही म्हटले, आई जेथे थांबली ते लिही.

निघाली ही दिंडी । घरी राहे माय ।
थकलेले पाय । उंबऱ्याशी ॥