शेतातील रानडुक्कर आणि शिकारीची परवानगी

भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या किंवा उसास गोडी चढू लागली, म्हणजे पाटण, जावळी व शिराळा तालुक्यांतील डोंगरकडेच्या गावांत रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत शेत उकरून टाकतो. खातो त्याहून अधिक तुडवितो. अशा वेळी ‘जमीन माझी, पीक माझे, मग बंदूकवाल्यास बोलावून डुक्कर मारविले तर बिघडले कोठे?’ असे शेतकरी विचारतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर गावातील कार्यकर्त्याने वेळीच दिले नाही, तर पीक जाऊन वर खटलाही पाठीस लागतो.

जमीन ज्याची, त्याचे तिच्यावरील वन्य जनावर, असे कायदा मानीत नाही. हे तत्त्व इतर देशांतही आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यात १९८५ पासून मोठ्या खाजगी कुरणांचे मालक शासनाशी करार करून परवानाधारक शिकाऱ्यांस हंगामात आपली जमीन खुली करतात व शासन त्यांस मोबदला देते. तेथेही मालक देतो तो केवळ जमिनीत प्रवेश. जनावर त्याचे नसतेच. आपणाकडे शिकारीचा हंगामच राहिलेला नाही. मुंबई राज्याच्या १९५१ च्या कायद्याखाली परवाना घेऊन शिकार करता येत असे. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी ती वाट बंद केली. म्हणून पाहुण्या शिकाऱ्यास शेतात बोलावणे, हाका घालून रान उठविणे, हे जुन्या रिवाजाचे असले तरी आज गुन्हा ठरते.

एक अपवाद मात्र आहे. उभ्या पिकास धोका झाला असता कायद्याच्या कलम ११ प्रमाणे लेखी आदेशाने शिकारीची परवानगी देता येते. महाराष्ट्रात २०१५ पासून रानडुक्कर व रोही यांच्याबाबत त्याकरिता वनक्षेत्रपालाकडे अर्ज करावयाचा असतो. गवा, सांबर किंवा मोर यांस ही सवलत लागू नाही. पुष्कळांचा घोटाळा होतो तो येथे: पीकसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. पहिला शस्त्र बाळगण्याचा, दुसरी जनावर मारण्याची. दोन्ही कागद हवेत. आदेशातील अटी अर्जदारास वाचून दाखवाव्यात. मारलेले डुक्करही शासनाच्या मालकीचे असते. त्याचे मांस वाटून घेता येत नाही.

फासा, सापळा व आमिष हेही कायद्याने शिकारीतच मोडतात, आणि फसलेला प्रयत्नही. बिनपरवाना शिकारीस तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. फाशात डुकराऐवजी बिबट्या अडकला, तर शिक्षा याहून कडक. कुंपणात घराची वीज सोडणे तर सर्वांत घातक; पहाटे पाणी धरावयास निघालेला शेजारी त्या तारेस शिवला, तर तो जिवंत राहील याची शाश्वती नाही.

नुकसानीचे पैसे मिळविण्याचा मार्ग वेगळा आहे व तो बहुतेकांस अधिक उपयोगी पडतो. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांचे आत वन खात्याकडे अर्ज द्यावा. पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नये. उकरलेली जागा व खुरांचे ठसे जसेच्या तसे राहू द्यावेत. अर्जासोबत सातबाराचा उतारा जोडावा. अर्ज दिल्याची पोच मागून घेण्यास शेतकरी बंधू संकोचतात. तो संकोच कार्यकर्त्याने मोडावा.

एक डुक्कर मारल्याने कळप थांबत नाही. मादीस एका वेतास अनेक पिले होतात. सौर कुंपणाच्या तारेत क्षणभराचा झटका असतो. तो जनावरास परतवितो, मारीत नाही. एकट्याने कुंपण घातले तर कळप शेजारच्या शेतात वळतो, म्हणून डोंगराकडील बाजूच्या शेतकऱ्यांनी सलग कुंपण घालावे. तारेखालचे गवत दर पंधरवड्यास कापावे. ओले गवत तारेस टेकले की झटका मंदावतो.