गवती चहा: वास सांभाळ, गुण मागोमाग येतो

पोरी, नव्या घरी गवती चहा लावतेयस, तर चार गोष्टी ऐकून ठेव. या गवताचा गुण त्याच्या वासात आहे. वास म्हणजे पानातलं तेल, आणि त्यातलं सिट्रल लिंबासारखं दरवळतं. हे तेल उडून जाणारं. म्हणून लावण्यापासून गाळण्यापर्यंत सगळी धडपड ते राखण्याची.

लावताना: याला फुलोरा क्वचितच येतो, बियांच्या नादी लागू नकोस. जुन्या बेटातून दोन-तीन फुटवे मुळांसकट काढ आणि वरची पानं वीतभर ठेवून छाट. म्हणजे मुळं धरेपर्यंत रोपावर ताण येत नाही. पावसाळा लागून जमीन भिजली की लाव. रोप घेताना पान चुरगळून हुंगायचंच. सिट्रोनेला हा गवताचा दुसरा प्रकार दिसायला असाच, पण त्याचं बूड लालसर असतं आणि वास डासांच्या मलमाचा. तो चहात घालायचा नाही.

जागा: भरपूर ऊन दे. सावलीत पानं नुसती लांबतात, वास धरत नाहीत. कुंडी रुंद आणि बुडाला भोक असलेली घे, कारण पाणी साचलं की गड्डा कुजतो. तीन-चार वर्षांनी बेट दाटलं की फोडून पुन्हा लाव.

कापताना: पान ओढू नकोस, त्याची कड बोट चिरते. बाहेरची पानं आधी, जमिनीपासून चार बोटं वर, कात्रीने काप. जास्त झाली तर तुकडे करून सावलीत वाळव आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भर. उन्हात वाळवलीस तर हाती नुसतं गवत उरेल.

चहा करताना: कपाला दोन पानं पुरतात. ती धुऊन गाठ मारून टाक, म्हणजे काढायला सोपी. आलं आधी पाण्यात चांगलं उकळ, दूध नंतर, नाहीतर फाटतं. पानं शेवटी घालायची, एक उकळी आली की गॅस बंद करून पाच मिनिटं झाकण. झाकण विसरलीस तर वास घरभर आणि कपात काहीच नाही. गूळ घालायचा तर तो कपातच.

सर्दी-पडशाला: पानं, आलं, तुळस आणि दोन-चार ठेचलेले मिरे यांचा काढा गरम गरम घे. घसा मोकळा होतो, अंगाला हलकं वाटतं. पण ताप दोन दिवसांत उतरला नाही तर काढ्यावर बसू नकोस, डॉक्टरांकडे जा. पावसाळ्यात डेंगी-मलेरियाही असतो. दिवस गेलेले असतील तर काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि बाटलीतलं गवती चहाचं तेल कधीच पोटात घ्यायचं नाही.

बुडखा टाकू नकोस: आपण पानं वापरतो, थायलंडात तोम यम सूपमध्ये पांढरा बुडखा ठेचून घालतात. तू भाताच्या आधणात घालून बघ, वाढायच्या आधी काढून टाक.

शेवटचं, आणि हे मनात पक्कं धर. बेट फोडशील तेव्हा शेजारी-पाजारी फुटवे वाट. बी सहसा धरत नसल्याने हे झाड हातोहातच पुढे जातं. एखाद्या वर्षी तुझं बेट कुजलं, तर त्यांच्या दारातून हक्काने मागून आणता येईल.