गाविलगडाची धार : धामणगाव रेल्वेहून दोन दिवस

धामणगाव रेल्वेच्या आसपास कपाशी-तुरीची सपाट काळी जमीन. डोंगराची धार पायाखाली घ्यायची तर उत्तरेला मेळघाटच गाठायचा. सकाळच्या गाडीने बडनेरा, तिथून अमरावती आणि पुढे परतवाड्यावरून एसटीने चिखलदरा. परतवाड्यापुढे पाटीवर ‘धामणगाव’ दिसेल. ते धामणगाव गढी, आपलं नव्हे. एका दिवसात हे उरकू नका. चिखलदऱ्याला मुक्काम करा. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,118 मीटर उंचीवर हवा गार असते, म्हणून थंडीत स्वेटर लागतोच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाविलगड. देवी पॉइंट, भीमकुंड आटोपून उरलेला तासभर गडाला देणं मला पटत नाही. आधी गड, आणि गडातही आधी उत्तरेची बाजू. दक्षिणेला कडा सरळ तुटलेला आहे; उत्तरेला मात्र लाबाडा गावाकडची जमीन जवळजवळ गडाच्याच पातळीवर येऊन भिडते. तिथे थांबा आणि दोन्ही बाजूंना खाली बघा. दोन्हीकडून ओढे दरवर्षी थोडेथोडे मागे सरकत पठार कोरतात, आणि मध्ये बेसॉल्टचा एक दांडा तेवढा उरतो. सह्याद्रीतल्या किती तरी धारा अशाच घडल्या आहेत.

उत्तरेच्या या एका बाजूमुळेच गड पडला. 1803च्या डिसेंबरात इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून रस्ता काढत तोफा लाबाड्यापर्यंत ओढून आणल्या. 15 डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून ती आत शिरली. तरी आतला किल्ला मधल्या घळीपलीकडे शाबूत होता. कॅम्पबेल नावाच्या कप्तानाची तुकडी घळ ओलांडून, शिड्या लावून तटावर चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. आतल्या किल्ल्याकडे जाताना ती घळ नीट पाहा. नागपूरकर भोसल्यांच्या किल्लेदाराचा भरवसा तिच्यावर का होता, ते लगेच कळतं.

दरवाजावर कोरलेल्या दुतोंड्या गंडभेरुंडापाशी घाई करू नका. ऊन डोक्यावर आलं की पिसांच्या आणि नख्यांच्या बारीक कडा सपाट दिसतात. ऊन तिरपं असतानाच प्रत्येक कडेची सावली पडते आणि शिल्प उठून येतं.

जंगलात नशिबाने गवा दिसला तर त्याची पाठ बघा. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच धार जाते आणि एकदम खाली उतरते. ते नुसतं मांस नव्हे. आत मणक्यांची लांब, चपटी हाडं उभी असतात आणि अवजड डोकं तोलणारे स्नायू त्यांनाच धरून असतात. बघायचं ते लांबूनच; गवा थबकून रोखून पाहू लागला की आवाज न करता मागे सरा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात शेवाळलेला बेसॉल्ट पाय टिकू देत नाही. अशा वेळी कड्यापासून आणि तटाच्या माथ्यापासून लांबच राहा. पाणी खालूनच भरून न्या. मोहोळ दिसलं तर धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. ढासळलेल्या बुरुजावर चढून फोटो काढणाऱ्याला तिथल्या तिथे हटका. चुन्यातला एक दगड निखळला की शेजारचे दहा सैल होतात. वनखात्याच्या नाक्यावर चौकशी आणि नोंद करूनच आत शिरा, एकटे जाऊ नका, आणि ऊन कलायच्या आत नाक्याबाहेर या.