रेग्युलेटरचे छिद्र बुजवू नका

आम्ही कापडाचे व्यापारी. यंत्रांशी आमचा संबंध बेताचाच. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या दुकानामागे गॅसवर इस्त्री करणाऱ्या कारागिराने रेग्युलेटरवरचे बारीक छिद्र साबण लावून बुजवलेले आम्हाला दिसले. विचारले तर म्हणाला, "शेठ, इथून वास येत होता, म्हणून बंद केले." त्याची नियत साफ होती, पण इलाज उलटा होता. तो कसा, हे प्रत्येक दुकानदाराने समजून घेतले पाहिजे.

सिलिंडरमध्ये गॅस दाबून, द्रवरूपात भरलेला असतो. आतला दाब हवामानाप्रमाणे बदलतो. तो दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो धरला, तर घरगुती शेगडीला लागतो सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे दीडशे पटींहून कमी! हा दाब उतरवण्याचे काम रेग्युलेटर करतो.

त्याच्या पोटात एक रबरी पडदा असतो. कारागीर त्याला डायफ्राम म्हणतात. पडद्याच्या वर स्प्रिंग, खाली गॅस. स्प्रिंगने पडदा खाली दाबला की त्याला जोडलेली झडप उघडते व गॅस येतो. गॅसचा दाब वाढला की पडदा वर उचलला जातो आणि झडप मिटू लागते. शेगडी मोठी केली की दाब उतरतो व झडप पुन्हा उघडते. तराजूच्या दोन पारड्यांसारखा हा हिशेब सतत चालू असतो.

आता ते छिद्र. पडदा वरखाली व्हायचा तर वरच्या कप्प्यातल्या हवेला ये-जा करायला वाट हवी. छिद्र बुजले की पडद्याची चाल अडते आणि दाबावरचा ताबा सुटतो. छिद्रातून गॅस येत असेल तर पडदा फाटला असे समजावे. छिद्र हा दोष नव्हे, तो दोषाची साक्ष देतो. आमच्या कारागिराने साक्षीदाराचेच तोंड बंद केले होते!

आम्ही त्याच वेळी सिलिंडर बंद करून वितरकाकडून रेग्युलेटर बदलून घेतला. बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे: रेग्युलेटर खोलून दुरुस्त करू नये. मोठ्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर साध्या शेगडीला लावू नये. साबणाचा फेस गळती शोधण्यासाठी आहे, बुजवण्यासाठी नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये आणि बाहेर येऊन 1906 या क्रमांकावर कळवावे.

नव्या रेग्युलेटरचा खर्च थोडा असतो. गोदामातला माल आणि कारागिराचा जीव यांचा भाव मात्र कोणत्याच वहीत मांडता येत नाही.