तक्त्यातली वेळ पायांवर लादू नका

मॅरेथॉनची तयारी सुरू केली की कुणीतरी एक तक्ता हाती देतंच. डाव्या बाजूला वयोगट, वर पुरुष आणि स्त्री, आणि चौकटींत तास-मिनिटं. जगभरातल्या मोठ्या शर्यतींचे निकाल एकत्र केले, तर पुरुषांची सरासरी सव्वाचार ते साडेचार तासांच्या दरम्यान येते आणि स्त्रियांची पावणेपाच तासांच्या आसपास. हे आकडे खोटे नाहीत. पण ते कशासाठी वापरायचे आणि कशासाठी नाही, हे न सांगता दिले तर अंगावर येतात. माझ्या अंगावर आले. आमच्या गेवराई तालुक्यात आणि आसपास चाळिशीनंतर पळायला लागलेल्या बायका आणि पुरुष आता दिसू लागले आहेत. त्यांच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या गावात, तलवाड्यात, भल्या पहाटे रस्त्यावर दिसतात ती पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी. मैदानी चाचणीत पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, आणि सेकंदांवर गुण. माझी पुतणी त्यातलीच. अंधारात तिला एकटीला कसं सोडायचं, म्हणून मी सोबत निघू लागले. आधी चालत, मग थोडं पळत, त्वरिता देवीच्या मंदिरापर्यंत आणि पुढे गेवराईच्या रस्त्याला. घरचं, रानातलं आणि शिवणाचं काम सांभाळून हे चाललं होतं. हळूहळू अंतर वाढलं. एक अर्धमॅरेथॉन अडीच तासांत झाली आणि पूर्ण मॅरेथॉनचं मनात आलं.

फोनवरून शिकवणाऱ्या एका मार्गदर्शकाकडे नाव नोंदवलं. त्यांनी वय विचारलं आणि सांगितलं, “ताई, तुमच्या वयाच्या महिलांची सरासरी पावणेपाच तास आहे. तेवढं तर यायलाच पाहिजे.” त्यावरून किलोमीटरला पावणेसात मिनिटं ही गती ठरली. माझी अर्धमॅरेथॉनची वेळ, रक्ताची तपासणी, पाळीचा त्रास, यातलं काहीच विचारलं गेलं नाही. सरावात धाप लागते, जिना चढताना छाती धडधडते, असं मी कळवलं. उत्तर आलं, सवय होईल.

शर्यत मोठ्या शहरातली, दमट हवेतली. अर्ध्या अंतरापर्यंत मी ठरलेली गती धरून होते. ऊन वर आलं तशी ती सुटत गेली. तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत पोटऱ्यांत गोळे आले, मग डोळ्यांपुढे अंधारी. स्वयंसेवकांनी धरून वैद्यकीय तंबूत नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि पहिल्यांदा रक्त तपासा म्हणाल्या. बीडला येऊन तपासलं. हिमोग्लोबिन ९ च्या खाली. पाळीत कितीतरी महिने जास्त रक्त जात होतं आणि शरीर रिकामं होत चाललं होतं. त्या शरीरावर तक्त्यातली गती चढवली गेली होती.

बरी झाल्यावर या विषयावर जे मिळेल ते वाचलं. त्यातून सगळ्यात आधी एक उमगलं. धावण्याच्या जगात वेळेचे तीन प्रकारचे आकडे असतात आणि घोळ होतो तो ते एकमेकांत मिसळल्याने.

एक आकडा विक्रमाचा. केल्विन किप्टम याने २०२३ मध्ये शिकागोत ४२.१९५ किलोमीटर २ तास ३५ सेकंदांत पार केले. आपल्या शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांची वेळ दिली आणि तो राष्ट्रीय विक्रम कित्येक दशकं टिकला. आपल्याच बीड जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत संपवली. विक्रमातून कळतं ते माणसाचं शरीर कुठवर जाऊ शकतं एवढंच.

दुसरा आकडा पात्रतेचा. भरतीतली वेळ याच प्रकारची, आणि बॉस्टन मॅरेथॉनची प्रवेशवेळही. २०२६ च्या शर्यतीसाठी बॉस्टनने १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना २ तास ५५ मिनिटं आणि स्त्रियांना ३ तास २५ मिनिटं ठरवली. ५० ते ५४ वयासाठी हेच आकडे ३ तास २० आणि ३ तास ५० मिनिटं, तर ६० ते ६४ साठी ३ तास ५० आणि ४ तास २० मिनिटं. वय वाढेल तशी सवलत वाढते आणि प्रत्येक गटात स्त्रियांना अर्धा तास जास्त मिळतो. हा उंबरठा आहे. तो ओलांडायचा असेल तर त्याच्यासाठी झटणं योग्यच.

तिसरा आकडा सरासरीचा, आणि तो उंबरठा नाही. तालुक्याच्या सरासरी पर्जन्यमानावरून कुणी आपल्या रानातल्या पेरणीचा दिवस ठरवत नाही, तसंच हेही. भरतीच्या वातावरणात वाढलेल्या आपल्या भागात घड्याळातला प्रत्येक आकडा गुणांचा वाटतो. “तेवढं तर यायलाच पाहिजे” हे वाक्य तिथूनच येतं.

सरासरी कशी बनते हे पाहिलं की तिचा धाक जातो. पुष्कळ मोठ्या शर्यतींत विशीतल्या धावपटूंची सरासरी चाळिशीतल्यांपेक्षा चांगली नसते. याचा अर्थ वयाने माणूस वेगवान होतो असा नाही. विशीतली बरीच मुलं मित्रांच्या आग्रहाने पहिल्यांदाच उतरलेली असतात, तर चाळिशीतले कित्येकजण वर्षानुवर्षं पळत आलेले असतात. शिवाय यातले बहुसंख्य निकाल अमेरिका-युरोपातल्या थंड हवेतल्या शर्यतींचे आहेत. मॅरेथॉनला साधारण ५ ते १२ अंश सेल्सिअस तापमान सगळ्यात अनुकूल असतं. मराठवाड्यात हिवाळ्यातल्या मोजक्या पहाटा सोडल्या तर असं हवामान कुठलं? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, सरासरीत फक्त शर्यत पूर्ण केलेले लोक असतात. मी तंबूत थांबले, माझी वेळ कुठेच नोंदली गेली नाही. ज्या आकड्यामागे धावताना मी पडले, त्यात माझ्यासारख्या पडलेल्यांचा हिशोब मुळातच धरलेला नसतो.

स्त्री-पुरुषांतला फरक खरा आहे आणि त्याला कारणं आहेत. पुरुषांचं हृदय आकाराने मोठं असतं, रक्तात हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून स्नायूंना प्राणवायू जास्त पोचतो. अव्वल धावपटूंमध्ये हे अंतर साधारण दहा टक्क्यांचं राहतं. तिगिस्त असेफाने २०२३ मध्ये बर्लिनला २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांची वेळ दिली, ती किप्टमच्या वेळेशी ताडून पाहा. पण याची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. हौशी धावपटूंच्या निकालांत स्त्रिया गती अधिक समान राखतात आणि उत्तरार्धात पुरुष त्यांच्यापेक्षा जास्त मंदावतात. हे बायकांचं बळ आहे आणि सुरुवातीलाच बाहेरून आणलेली गती लादली की ते वाया जातं. बायकांना पळायलाच उशिरा मिळालं, हेही विसरू नये. बॉस्टनने त्यांना अधिकृत प्रवेश दिला १९७२ मध्ये, आणि ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली १९८४ मध्ये.

वयाचंही तसंच. पस्तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता उतरू लागते, पण नियमित सराव करणाऱ्याची उतरण बरीच मंद असते. कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, मॅरेथॉन तीन तासांच्या आत संपवली. त्यांच्यामागे अनेक वर्षांचा सराव होता. तो नसलेल्याने त्यांच्या वेळेचं अनुकरण करू नये, मात्र वय झालं म्हणून सोडूनही देऊ नये.

आता सांगायचं ते असं.

लक्ष्य आपल्या पायांतून काढा. अलीकडची अर्धमॅरेथॉन ही सगळ्यात विश्वासाची खूण. पीटर रीगेल या अमेरिकी अभियंत्याच्या सूत्राप्रमाणे अर्धमॅरेथॉनच्या वेळेला साधारण २.०८५ ने गुणायचं. अडीच तासांवाल्याला ते सव्वापाच तासांच्या जवळ जातं. हौशी धावपटूंना हे सूत्रही बऱ्याचदा कडक पडतं, म्हणून पहिल्या खेपेला आणखी पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवा. हवा दमट असेल तर त्याहून जास्त. माझ्यासाठी हा एक गुणाकार कुणी केला असता, तर पावणेपाच तासांचा विषयच निघाला नसता.

रक्त आधी, सराव नंतर. प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो आहे. म्हणजे पळणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला असण्याची शक्यता धरूनच चाला. हिमोग्लोबिनबरोबर शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणीही डॉक्टरांना विचारून करून घ्या. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. चाळिशीत पाळीचं रक्त वाढलं तर “या वयात असंच असतं” म्हणून अंगावर काढू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. छातीत दुखणं, चक्कर, घरात हृदयविकाराचा इतिहास यांपैकी काही असेल, तर पुरुष असो की बाई, तपासणीशिवाय लांब पळू नये.

पहिला अर्धा भाग मुद्दाम सावकाश पळा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल अशी गती ठेवा. बोलणं तुटू लागलं तर घड्याळ काहीही म्हणो, गती कमी करा.

पाणी तहानेप्रमाणे प्या. उन्हाच्या भीतीने प्रत्येक टेबलावर पेले रिकामे करणंही घातक असतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेलं आढळलं. शर्यतीदरम्यान ज्यांचं वजन वाढलं आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले, त्यांना हा धोका अधिक होता. आपण पाच-सहा तास रस्त्यावर असणारी माणसं, म्हणून हे आपल्यालाच जास्त लागू पडतं.

वयाचा तक्ता विश्रांतीसाठी वाचा. चाळिशीनंतर लांब पल्ल्याच्या धावेतून सावरायला जास्त दिवस लागतात. आठवड्यातून दोनदा उठाबशा, टाचा उचलणं, पाठ-पोटाचे व्यायाम असे ताकदीचे प्रकार करा. वयाने झिजणारे स्नायू त्यानेच टिकतात. आणि तुलना करायचीच असेल तर ज्येष्ठ खेळाडूंच्या जागतिक संघटनेचे वयगुणांचे तक्ते वापरा. त्यांत तुमची वेळ तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या सर्वोत्तम कामगिरीच्या किती टक्के आहे हे कळतं. साठीच्या आजींना पंचविशीच्या नातवाशी न्याय्य स्पर्धा करता येते ती तिथे.

उपचार घेऊन, हिमोग्लोबिन जाग्यावर आल्यावर मी पूर्ण मॅरेथॉन पळाले. साडेपाच तासांच्या जरा आत. शेवटचे किलोमीटर पहिल्या किलोमीटरांच्याच गतीने झाले, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर बसून ब्लाउज शिवता आले.

शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की बाईचं वय लिहून घ्याल तेव्हा तिच्या रक्ताचा अहवालही मागा, आणि ती दम लागतो म्हणाली तर पुढच्या आठवड्याचा सराव थांबवा. आपल्या भागात शर्यती भरवणाऱ्यांनी पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट वर्षांपुढच्या स्त्रियांचे आणि पुरुषांचे वेगळे गट ठेवावेत, शेवटचा माणूस येईपर्यंत घड्याळ चालू ठेवावं, आणि मध्येच थांबलेल्यांचा आकडाही निकालात छापावा. काही वर्षं हे नेटाने केलं तर आपल्या उन्हातली, आपल्या रस्त्यांवरची सरासरी हाती येईल, आणि नव्याने पळू लागणाऱ्या बाईला ती कुणाच्या तरी धाकाऐवजी अंदाज म्हणून वापरता येईल.